प्राणवायुमापक खोटे केव्हा बोलतो?

या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि अर्थकारण यांवर बोलणारी मोठमोठी मंडळी येऊन जातात. त्यांच्या मागोमाग, हवेतील प्राणवायू मोजणाऱ्या एका लहानशा पेटीविषयी बोलावयास उभे राहणे जरा धाडसाचेच आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायू हा शब्द शाळेच्या पुस्तकातून उठून घराघरांत शिरला. सिलिंडर किती लिटरचा, कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला किती देतो, त्याची शुद्धता किती टक्के, हे प्रश्न ज्यांनी शाळा सोडल्यावर विज्ञानाचे नावही घेतले नव्हते त्यांच्या तोंडी झाले. त्या दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. यंत्राच्या काचेवर उमटणाऱ्या आकड्यावर माणसाचा एक तर पुरा विश्वास असतो, नाही तर मुळीच नसतो. वकील साक्षीदाराला दोनचार आडवे प्रश्न विचारतो, तसे आकड्याला विचारून पाहावे ही सवय आपल्यांत नाही. ते प्रश्न कोणते, एवढाच आजचा विषय.

प्रथम हवेविषयी दोन शब्द. कोरड्या हवेत शंभरात २०.९५ भाग प्राणवायू, ७८ भागांहून किंचित अधिक नायट्रोजन आणि सुमारे ०.९३ भाग आर्गॉन असतो. हे प्रमाण गिरगाव चौपाटीवर जे, तेच महाबळेश्वरी, आणि तेच एव्हरेस्टच्या माथ्यावर. ही निसर्गाची फार मोठी सोय आहे. किलोचे वजन खरे की खोटे हे पाहण्यासाठी प्रमाणित वजन कचेरीतून आणावे लागते. प्राणवायूचे प्रमाणित माप मात्र खिडकी उघडली की घरात येते. म्हणून जगातील बहुतेक प्राणवायुमापक मोकळ्या हवेत धरून २०.९ वर आणतात आणि मग कामास लावतात.

आता समजा, मुंबईत समुद्रकाठी असा एक मापक आपण २०.९ वर आणला, मोटारीत ठेवला आणि घाट चढून महाबळेश्वरी नेला. तेथे उघड्या हवेत तो सुमारे १७.८ दाखवील. कारखान्यातील नियमाप्रमाणे प्राणवायू १९.५ च्या खाली गेला की धोक्याची घंटा वाजावी. तेव्हा हा मापक भर बाजारपेठेत कर्कश ओरडू लागेल, आणि आजूबाजूची मंडळी स्ट्रॉबेरी खात त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहतील. यंत्र बिघडले काय? नाही. त्याने प्रामाणिक उत्तर दिले. फक्त ते आपल्या प्रश्नाचे नव्हते. आपण विचारले, शंभरात किती भाग? त्याने सांगितले, प्राणवायूचा दाब किती. बऱ्याच मापकांतील घट पातळ पडद्यातून प्राणवायू आत घेतो, आणि पडद्यातून किती शिरणार हे टक्केवारीवर नव्हे, प्राणवायूच्या स्वतःच्या दाबावर, म्हणजे आंशिक दाबावर, ठरते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८५ टक्के. २०.९ चे ८५ टक्के केले की तो १७.८ आकडा हातात पडतो. पुण्यात, साडेपाचशे मीटरवर, हाच मापक साडेएकोणिसाच्या जेमतेम वर राहील.

ही गंमत येथेच संपली असती तर बरे होते. आता प्रवास उलटा करा. मापक महाबळेश्वरी २०.९ वर आणला आणि मुंबईत एखाद्या गटाराच्या तोंडाशी सोडला. आत खरा प्राणवायू १७.५ टक्के आहे, म्हणजे माणसाने उतरू नये इतका कमी. आकडा येईल साडेवीसच्या वर. घंटा वाजणार नाही, आणि मुकादम म्हणेल, ठीक आहे, उतरा. सारांश, मापक जेथे वापरावयाचा तेथेच तो हवेवर लावून घ्यावा. दाबाची दुरुस्ती स्वतःच करणारे मापक आहेत, आणि पडद्याऐवजी सूक्ष्म छिद्रातून वायू घेणारे घटही आहेत, ज्यांना उंचीचे एवढे सोयरसुतक नसते. आपल्या हातातला कोणत्या जातीचा, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्यावाचून कळत नाही. आणि ती पुस्तिका, आमच्या अनुभवाप्रमाणे, खोक्याबरोबरच रद्दीत गेलेली असते.

दुसरी बाब दमटपणाची. २०.९५ हा आकडा कोरड्या हवेचा आहे हे वर सांगितले. मुंबईच्या जुलैत, ३० अंशांवर आणि ८० टक्के आर्द्रतेत, हवेचा सव्वातीन टक्क्यांहून अधिक भाग पाण्याच्या वाफेने अडवलेला असतो. उरलेल्या जागेत प्राणवायू येतो सुमारे २०.२५. पावसाळ्यात मापक पाऊण टक्का कमी दाखवू लागला म्हणून दुरुस्तीस पाठवणे म्हणजे पावसाळ्यात मीठ ओले होते म्हणून मिठागराला दोष देणे होय.

हे झाले हवेचे गुण. आता यंत्राचे. प्राणवायू मोजण्याच्या ज्या रीती प्रचारात आहेत त्यांतील तीन समजल्या म्हणजे पुष्कळसे काम होते.

पहिली रीत चुंबकाची. बहुतेक वायू चुंबकापासून किंचित दूर सरतात. प्राणवायू मात्र चुंबकाकडे ओढला जातो. हे मायकेल फॅराडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले होते, पण त्याचा मापक व्हावयास युद्ध यावे लागले. १९४० च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे अमेरिकन आरमाराने शास्त्रज्ञांपुढे अडचण मांडली की, पाणबुडीत प्राणवायू किती उरला हे चटकन सांगणारे साधन आमच्यापाशी नाही. लायनस पॉलिंग यांनी काचेचे दोन पोकळ चिमुकले गोळे एका दांडीच्या टोकांना बसवून ती दांडी बारीक तंतूवर चुंबकाच्या क्षेत्रात टांगली. भोवती प्राणवायू जितका जास्त तितकी दांडी अधिक वळते, आणि तिच्यावरच्या आरशाचा कवडसा पट्टीवर सरकतो. आर्नोल्ड बेकमन यांनी ही यंत्रे तयार करून विकली. या जातीचा मापक अचूक खरा, पण नाजूक. टेबल हलले, पेटी तिरपी झाली, नळीतून पाण्याचा थेंब आत गेला, की कवडसा भलतीकडे जातो. शिवाय नायट्रिक ऑक्साइड हा वायूही चुंबकाकडे ओढला जातो, प्राणवायूच्या निम्म्याहून थोडा कमी. तो भरपूर असलेल्या धुरात या मापकाने सांगितलेल्या प्राणवायूत दुसऱ्याचाही वाटा असतो.

दुसरी रीत विजेच्या घटाची. खिशात मावणारे बहुतेक मापक याच जातीचे. आत शिशाचा तुकडा असतो. पडद्यातून आलेला प्राणवायू त्या शिशाला खातो आणि खाताना थोडी वीज निर्माण होते, ती मोजावयाची. यात एक मेख आहे. शिसे खाणे मापक चालू असतानाच होते असे नाही. कपाटात बंद पडलेल्या मापकाभोवतीही हवा असतेच, आणि घट झिजत राहतो. दोनतीन वर्षांत तो संपतो, मग त्याने काम केलेले असो वा नसो. नवा कोरा म्हणून जपून ठेवलेला मापक ऐनवेळी मेलेला निघतो तो यामुळे. आणखी असे की, या घटांतील विद्युत्-द्राव पुष्कळदा अल्कली असतो. चुन्याची निवळी जशी फुंकेने गढूळ होते, तसा हा द्राव कार्बन डाय-ऑक्साइडने बिघडतो. धुरात वा किण्वनाच्या टाकीत वापरावयाचा घट आम्लाचा घ्यावा लागतो.

तिसरी रीत तापलेल्या मातीची. माती म्हणजे झिर्कोनिया, एक प्रकारचे चिनीमातीसारखे पात्र. ते सुमारे ७०० अंशांवर तापवले की त्यातून प्राणवायूचे भारित अणू वाहू लागतात. एका बाजूस स्वच्छ हवा, दुसऱ्या बाजूस धूर; दोन्हीकडच्या प्राणवायूत जितक्या पटींचा फरक तितका विजेचा दाब. दहा पटींना सुमारे ४८ मिलिव्होल्ट, शंभर पटींना ९६. वाल्थर नेर्न्स्ट यांच्या सूत्रावर हे चालते, आणि त्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच पदार्थाच्या काडीचा दिवा केला होता. आपणांपैकी ज्यांची दुचाकी २०२० च्या एप्रिलनंतर तयार झालेली आहे, त्यांच्यातील बहुतेकांच्या गाडीच्या धुराच्या नळीत या कुळातला एक संवेदक बसलेला आहे. मालकाला त्याची ओळख मात्र दिवा लागल्यावर आणि गॅरेजवाल्याने बिल दिल्यावर होते.

या तिन्ही रीती सांगण्याचे कारण असे की, एकच बिघाड प्रत्येकीत निराळे सोंग घेतो. तार तुटली, असे समजा. शिशाच्या घटात वीज नाही म्हणजे आकडा शून्य, म्हणजे प्राणवायू मुळीच नाही. माणूस दचकतो, काम थांबवतो, यंत्र उघडून पाहतो. झिर्कोनियात मात्र दोन्हीकडे हवा असली की विजेचा दाब शून्य असतो; म्हणून तारेवर काहीच आले नाही, तर साधा मापक म्हणेल, २०.९, उत्तम हवा. पहिला मापक मरताना ओरडतो. दुसरा मरताना हसतो. चांगल्या बनावटीची यंत्रे घटाचा रोध आणि तापमान तपासून हा अपघात ओळखतात. तरीही, बॉयलर पेटलेला असताना धुराड्यातील मापक मोकळ्या हवेचा आकडा दाखवीत असेल, तर प्रथम तारेकडे पाहावे.

आता सर्वांत खोडकर बिघाडाकडे वळू. तो यंत्रात नसतोच. तो यंत्रापर्यंत वायू आणणाऱ्या नळीत असतो. पंप नळीतून वायू ओढतो, म्हणजे नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी. कोठे चीर असेल, जोड सैल असेल, गाळणीच्या टोपीचे रबर वाळले असेल, तर तेथून बाहेरची हवा आत शिरते, आणि बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९. गळती आकड्याला नेहमी एकाच दिशेने ढकलते, त्या २०.९ कडे. ही दिशा लक्षात ठेवली तर पुष्कळशी कोडी सुटतात. हीच गळती तीन ठिकाणी तीन निराळी फळे देते. नायट्रोजनने भरलेल्या टाकीवर ती उगाच भीती दाखवते. खर्च होतो, माणूस मरत नाही. मॅनहोलवर ती खोटा धीर देते. आणि बॉयलरवर काय करते, ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडील साखर कारखान्यात बॉयलर उसाच्या चिपाडावर चालतो. तेथील भाषेत बगॅस. जळण पुरते जळावे म्हणून गरजेपेक्षा थोडी अधिक हवा द्यावी लागते. फार अधिक दिली तर ती हवा तापून धुराड्यातून निघून जाते, म्हणजे आपण आकाश तापवतो. धुरात चार टक्के प्राणवायू उरला म्हणजे हवा सुमारे २४ टक्के अधिक होती; सात टक्के उरला म्हणजे ५० टक्के अधिक. म्हणून बॉयलरवाला त्या आकड्याकडे पाहून पंख्याची झडप हलवीत असतो. समजा, धुरात खरोखर चार टक्के आहे आणि नळीत दहाव्या हिश्शाची गळती आहे. चाराचे नऊ दशांश म्हणजे ३.६, त्यात २०.९ चा दहावा हिस्सा मिळवला की ५.७. आकडा चढला म्हणून बॉयलरवाला हवा कमी करतो आणि पुन्हा चारावर आणतो. त्या वेळी भट्टीत खरोखर उरलेला असतो दोन टक्क्यांच्या जरासा वर. जळण अर्धवट जळू लागते, धूर काळवंडतो, कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याने आकडा अचूक पाळला, आणि म्हणूनच भट्टी बिघडली. अशा वेळी दोष माणसाच्या माथी मारण्याची जी रीत आहे, ती आम्हांस अन्यायाची वाटते.

गळती आहे की नाही हे ओळखण्यास मोठी सामग्री लागत नाही. पंपाचा वेग बदलून पाहावा. नळीतला वायू खरा असेल तर तो हळू आला काय नि जोरात आला काय, आकडा तोच राहिला पाहिजे. वेगाबरोबर आकडाही हलला तर दुसरीकडून कोणीतरी आत येत आहे असे समजावे. अधिक सोपे म्हणजे नळीचे तोंड अंगठ्याने बंद करावे. पंप गुदमरला, त्याचा आवाज बदलला, तर नळी ठीक. अंगठा दाबलेला असून पंप आरामात चालू राहिला, तर त्याला हवा दुसरीकडून मिळते आहे. मग साबणाचा फेस हा मार्ग आपणां सर्वांस सायकलच्या ट्यूबपासून ठाऊक आहे. मात्र ओढणाऱ्या नळीला फेस लावून उपयोग नाही, कारण बुडबुडा बाहेर यावयास आतला दाब अधिक लागतो. तेवढ्यापुरता नळीत दाब भरून पाहावे.

दशलक्षात चारपाच भाग इतका सूक्ष्म प्राणवायू मोजावयाचा असेल, तर चीरही लागत नाही. रबराची वा सिलिकोनची नळी अखंड असली तरी तिच्या भिंतीतून प्राणवायू पाझरतो. आणि आत नायट्रोजनचा दाब कितीही असो, प्राणवायूचा स्वतःचा दाब बाहेर अधिक असल्याने तो प्रवाहाविरुद्ध आत येतो. अशा ठिकाणी धातूचीच नळी पाहिजे.

एकाच धुराड्यावर दोन मापक बसवले आणि एक चार म्हणतो, दुसरा ५.३, असेही घडते. भांडण लागते. पण दोघेही खरे असू शकतात. झिर्कोनियाचा मापक धुरातच उभा असतो. तो ओला धूर मोजतो. बगॅस निम्मे पाणीच असल्यामुळे त्याच्या धुराचा सुमारे चौथा हिस्सा वाफ असते. दुसरा मापक धूर बाहेर ओढून, थंड करून, पाणी टाकून मग मोजतो. शंभरातून पंचवीस वजा केल्यावर तेच चार भाग पाऊणशेतले झाले, म्हणजे शेकडा ५.३. झिर्कोनियाची आणखी एक खोड अशी की, धुरात न जळालेला कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो त्या तापलेल्या पृष्ठावर जळून घेतो आणि तेवढा प्राणवायू खातो. एक टक्का मोनॉक्साइड असेल, तर तीन टक्क्यांचा आकडा अडीच दिसतो.

हे सारे कारखान्याचे झाले. याच मापकाची एक कथा दवाखान्यातली आहे, आणि ती दुःखद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाश्चात्त्य देशांत अपुऱ्या दिवसांची बाळे काचपेटीत ठेवून त्यांस भरपूर प्राणवायू देण्याची पद्धत पडली. १९४२ मध्ये बोस्टन येथे डॉ. टेरी यांनी अशा बाळांत एक नवेच अंधत्व वर्णिले. कारण कोणास कळेना. १९५१ मध्ये मेलबर्न येथील डॉ. केट कॅम्बेल यांनी बोट प्राणवायूकडेच दाखवले, आणि अमेरिकेत १९५३-५४ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीने ते खरे ठरले. तोवर हजारो मुले आंधळी झाली होती. पॉलिंग-बेकमन मापक मग पाणबुडीतून या काचपेटीपाशी आला. परंतु लगोलग दुसरे टोक गाठले गेले. प्राणवायू ४० टक्क्यांवर जाऊ द्यावयाचा नाही असा दंडक झाला, आणि ज्या बाळांना खरोखरच अधिक हवा होता त्यांतील कित्येक त्याच्या अभावी गेली. आज बाळाच्या रक्तातील प्राणवायूच पायाला लावलेल्या संवेदकाने पाहतात, तरी पेटीत वा मिश्रणयंत्रातून येणारा प्राणवायू मोजावा लागतोच. येथे आकडा वर चुकला काय आणि खाली चुकला काय, दोन्हीकडे खड्डा आहे.

म्हणून अशा ठिकाणी नुसत्या हवेवर लावलेला मापक पुरत नाही. झिजलेला शिशाचा घट हवेत २०.९ अगदी बरोबर दाखवतो, पण अधिक प्राणवायू दिला की त्याला तेवढी वीज काढता येत नाही. थकलेला बैल रिकामी गाडी ओढतो, भरलेली नाही, त्यातलाच प्रकार. हे तपासण्याची युक्ती सोपी आहे. हवेत घट १० मिलिव्होल्ट देत असेल, तर शुद्ध प्राणवायूत त्याने ४८ च्या जवळपास दिले पाहिजेत, कारण शंभर भागिले २०.९ म्हणजे पावणेपाच. चाळीसवर अडला तर घट बदलावा. प्राणवायू मिसळलेली हवा घेऊन समुद्रात उतरणारे पाणबुडे ही परीक्षा फार काटेकोर करतात, कारण खोल पाण्यात प्राणवायू प्रमाणाबाहेर गेला तर झटके येतात, आणि तेथे झटका येणे म्हणजे बुडणे.

आता कॉन्सन्ट्रेटरविषयी, कारण तो अजून पुष्कळांच्या घरी खाटेखाली आहे. हे यंत्र हवेतील नायट्रोजन झिओलाइट नावाच्या दाण्यांत अडवून धरते आणि उरलेला वायू पुढे सोडते. झिओलाइट आर्गॉनला मात्र अडवीत नाही. म्हणून प्राणवायू पाचपटीजवळ वाढला, तसा आर्गॉनही वाढतो, आणि सारे उत्तम चालले तरी शुद्धता ९५-९६ च्या पुढे जात नाही. शंभर दिसत नाही म्हणून यंत्र परत करू नये. उलट आकडा ८५ च्या खाली घसरला, तर दमट हवेने दाणे भिजले आहेत काय, मागची गाळणी धुळीने भरली आहे काय, की मिनिटाला पाच लिटरच्या यंत्रातून आपण आठ ओढतो आहोत, हे पाहावे. आणि आकडा नेमका एकवीस असेल, तर यंत्रापेक्षा मापकाची नळीच निसटलेली असण्याचा संभव अधिक.

शेवटी विहिरीकडे येऊ. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीतील पेवांत हळद साठवण्याची जुनी चाल आहे. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नाही, ते काही तास मोकळे ठेवतात. साठवलेला माल श्वास घेतो व प्राणवायू खातो, हे पुस्तक न वाचता त्या लोकांना ठाऊक होते. विहिरीत वा आडात कंदील सोडून पाहण्याची रीतही तशीच शहाणपणाची. पण ज्योत विझते १६-१७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे माणसाची बुद्धी मंदावू लागते तेथे. आधीची सूचना कंदील देत नाही. शरीरही देत नाही. श्वास कोंडल्याची जी तडफड होते ती कार्बन डाय-ऑक्साइड साठल्याने होते, प्राणवायू कमी झाल्याने नव्हे. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच शास्त्रज्ञ आठ हजार मीटरवर गेले. प्राणवायूच्या पिशव्या हाताशी होत्या, पण त्या तोंडाला लावण्याची शुद्ध राहिली नाही. एकटे गास्तों तिसांदिए जिवंत उतरले.

मापक येथे कंदिलापेक्षा फार चांगला, पण त्याचा खरा आकडाही फसवतो, तो असा. गटारात व सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. हजारात एक भाग म्हणजे ०.१ टक्का झाला तर तो काही श्वासांत माणूस पाडतो. एवढ्या वायूने प्राणवायू कितीसा कमी होईल? ०.०२ टक्के. काचेवर २०.९ च राहील, आणि तो आकडा खरा असेल. प्राणवायू नुसता एक टक्का घसरला, २०.९ चा १९.९ झाला, तर त्याचा अर्थ हवेचा जवळजवळ पाच टक्के भाग दुसऱ्या कोणत्या तरी वायूने हटवला असा होऊ शकतो. एकोणीस-नऊ म्हणजे घंटेच्या वर आहे, चला, असे म्हणणारा माणूस हा हिशेब करीत नाही. म्हणून विषारी वायूचा संवेदक वेगळा लागतो. २०१३ च्या कायद्याने गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणसाला धोकादायक रीतीने सफाईसाठी उतरवण्यास बंदी आहे. तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात, आणि पहिल्याला काढावयास दुसरा, दुसऱ्याला काढावयास तिसरा उतरतो, हे वर्तमानपत्रे वाचणारास सांगावयास नको.

तळघर, पाण्याची टाकी, विहीर अशा जागी नळी सोडण्यापूर्वी करावयाची एक चाचणी सांगतो. तिला पैसा लागत नाही. बाहेर मोकळ्या हवेत मापक लावून घ्यावा; त्यास आपल्या श्वासावर मात्र कधी लावू नये. मग सगळी लांबच्या लांब नळी जोडून तिच्या दूरच्या टोकाशी, थोडा रोखून धरलेला श्वास सावकाश सोडावा आणि मनात सेकंद मोजावे. सोडलेल्या श्वासात प्राणवायू सुमारे १६ टक्के उरतो. आकडा काही सेकंदांनी सतराच्या आसपास उतरला आणि परत २०.९ वर चढला, तर घट जिवंत आहे, पंप ओढतो आहे आणि नळी मध्ये फुटलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकदम कळल्या. जेमतेम १९ पर्यंत उतरला, तर नळीचे जोड तपासावेत. उतरलाच नाही, तर तो मापक बाजूस ठेवावा. उतरावयास जितके सेकंद लागले तितके तरी, किंबहुना त्याच्या दुप्पट, नळी प्रत्येक खोलीवर थांबवावी: तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी, कारण कार्बन डाय-ऑक्साइड खाली बसतो आणि मिथेन वर जमतो. नळीचे टोक पाण्यात मात्र बुडू देऊ नये; पाणी पंपात गेले की त्या दिवशीचे मोजणे संपले.